मात्रा आणि प्रवाह : वाहत्या इंधनात पूरक द्रव्ये मिसळण्याचा प्रश्न

‘मात्रा’ हा शब्द मराठीत दोन शास्त्रांनी आपापल्या कामासाठी वापरला आहे. छंदःशास्त्रात मात्रा म्हणजे उच्चारकालाचे माप. लघु अक्षराची एक मात्रा, गुरु अक्षराच्या दोन. या मात्रेला घड्याळातील ठराविक कालाचे मूल्य नसते. पठन संथ असो वा जलद असो, गुरूचा काल लघूच्या दुप्पट असावयाचा, एवढा एकच संबंध ती सांगते. वैद्याची मात्रा मात्र सहाणेवर उगाळून मधातून चाटवावयाची वस्तू आहे. तिच्यात सापेक्षतेचा अर्थ मागे पडून अल्पत्वाचा आणि गुणाचा अर्थ पुढे येतो, आणि ‘मात्रा लागू पडणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच रूढ झाला आहे. हे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे ठरावेत असे एक ठिकाण आधुनिक उद्योगात आहे. तेलाच्या डेपोत टँकर भरण्याच्या गँट्रीवर किंवा विमानतळावर इंधन भरताना, वेगाने वाहणाऱ्या इंधनात काही द्रव्ये अगदी थोडी मिसळावी लागतात. तेथे मात्रा अल्प असते, परिणाम मोठा असतो, आणि तिचे माप प्रवाहाशी असलेल्या संबंधावाचून सांगताच येत नाही. हा संबंध राखण्याची साधने कोणती, ती कोठे फसतात आणि ज्या भाषेत हे प्रमाण सांगितले जाते ती भाषा स्वतः कितपत नेमकी आहे, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

शुद्धीकरण कारखान्यातून निघालेले इंधन परिपूर्ण असते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ते बऱ्याचदा अपुरे असते, आणि कधीकधी ते शुद्ध केल्यामुळेच अपुरे राहते. डिझेलचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकानुसार डिझेलमध्ये गंधक एका किलोग्रॅममागे १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. हे गंधक काढण्यासाठी डिझेलवर उच्च दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करतात. त्या प्रक्रियेत गंधकाबरोबर काही ध्रुवीय संयुगेही नष्ट होतात, आणि धातूच्या पृष्ठभागाला चिकटून राहून वंगणाचे काम करणारी संयुगे नेमकी हीच असतात. डिझेल इंजिनाच्या इंधनपंपाला वेगळे वंगण बहुधा नसते. त्याच्यातून वाहणारे डिझेल हेच त्याचे वंगण. स्वीडनमध्ये १९९१ च्या सुमारास अल्पगंधकी डिझेल प्रचारात आले, तेव्हा पंप झिजण्याच्या तक्रारींनी ही गोष्ट प्रथम ठळकपणे पुढे आली. त्यावर उपाय म्हणून वंगणगुण वाढविणारे द्रव्य दहा लाख भागांत काही दहा ते दोनएकशे भाग इतके मिसळतात. हवा स्वच्छ राखण्यासाठी जे काढून घेतले, त्याचे काम या थोड्याशा द्रव्याने भरून काढावयाचे असते.

विमानाच्या इंधनाची गोष्ट आणखी नाजूक आहे. केरोसीनवर्गीय इंधन गाळणीतून वेगाने जाताना त्यावर स्थिर विद्युतभार साचतो, आणि ते विजेचे मंद वाहक असल्याने हा भार लवकर निघून जात नाही. टाकीत ठिणगी पडण्याचा धोका उद्भवतो तो यामुळे. म्हणून इंधनाची विद्युत्‌वाहकता वाढविणारे द्रव्य त्यात घालतात. ते किती? प्रथम मिसळताना लिटरमागे जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम, आणि पुढे पुन्हा मिसळावे लागल्यास सर्व मिळून ५ मिलिग्रॅमपर्यंत. २०,००० लिटरच्या टँकरला हा हिशेब लावला तर पहिल्या मात्रेची कमाल मर्यादा अवघी ६० ग्रॅम येते. ती फार कमी पडली तर विद्युतभार निघत नाही. फार अधिक झाली तर वाहकता ठरविलेल्या वरच्या मर्यादेबाहेर जाते. इंधनातील पाणी गोठून नळ्या तुंबू नयेत म्हणून घालावयाचे हिमरोधक द्रव्य याच्या तुलनेत बरेच लागते, शेकडा ०.१० ते ०.१५ भाग, पण त्याचा त्रास वेगळा आहे. ते इंधनापेक्षा जड असून त्यात सहजासहजी विरघळत नाही. संथ इंधनात ओतले तर ते तळाशी जाऊन बसते, आणि तळाशी साठलेले द्रव्य टाकीच्या आतील लेपाला अपाय करते. म्हणजे येथे माप अचूक असूनही मिश्रण चुकीचे होऊ शकते. पेट्रोलमधील निर्मलकारके, सूक्ष्मजीवनाशके, निरनिराळे रंग आणि खूणद्रव्ये यांची भर या यादीत घालता येईल, पण मुख्य मुद्दा एवढ्यावरून ध्यानात यावा.

ही मात्रा कोठे मिसळावी हा प्रश्न पहिल्यापासून वादाचा आहे. टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाने इंजिनातील ठोका थांबतो, हे टॉमस मिजली आणि त्यांचे सहकारी यांना डेटन येथे डिसेंबर १९२१ मध्ये आढळले. फेब्रुवारी १९२३ मध्ये त्याच गावात अशा पेट्रोलची विक्री सुरू झाली, तेव्हा हे द्रव्य पेट्रोलपंपावरच, ग्राहकाच्या गाडीत पेट्रोल जात असताना, एका जोडयंत्राने मिसळले जात असे. प्रमाण अमेरिकन गॅलनमागे सुमारे ३ घन सेंटिमीटर, म्हणजे साधारण १,२६० भागांत एक भाग. ‘वाहत्या इंधनात मात्रा’ या कल्पनेचा व्यापारी उपयोग करणारे हे एक आरंभीचे उदाहरण, आणि तेच तिच्या धोक्याचेही उदाहरण होय. कारण प्रत्येक पंपावर अतिविषारी संहत द्रव्याचा साठा ठेवणे यात गृहीत होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे हे द्रव्य तयार करणाऱ्या कारखान्यात पाच कामगार विषबाधेने मृत्यू पावले. १९२५ मध्ये विक्री काही काळ थांबली. ती पुन्हा सुरू झाली तेव्हा पंपावरील मिश्रणाची पद्धत मागे पडून ते काम मोठ्या साठ्याच्या ठिकाणी गेले. शिसे इंधनातून पूर्णपणे जाण्यास मात्र फार काळ लागला. भारतात शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र झाले ते २००० साली, आणि मोटारींच्या पेट्रोलमधील शिशाचा वापर अल्जीरियाने २०२१ मध्ये थांबविला तेव्हा तो जगातून संपला.

आज मिश्रणाची मुख्य जागा म्हणजे डेपोतील गँट्री. मोठ्या टाकीतच एकदा द्रव्य घालून मोकळे का होऊ नये, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे एक उत्तर व्यापारी आहे. एकाच टाकीतील पेट्रोल निरनिराळ्या नावांनी विकले जाते, आणि दोन नावांतील भेद पुष्कळदा टँकर भरताना सोडलेल्या पूरक द्रव्याचाच असतो. दुसरे उत्तर भौतिक आहे. लक्षावधी लिटरच्या स्थिर साठ्यात थोडेसे द्रव्य सर्वत्र सारखे पसरविणे अत्यंत कठीण असते. उलट नळीतील खळाळता प्रवाह हाच उत्तम घुसळणारा ठरतो. मराठी वाचकाला येथे विरजणाची आठवण होईल, पण ती उपमा फसवी आहे. विरजण दुधात लागते ते स्वतः वाढून; चमचाभर कमी पडले तर थोडा वेळ अधिक जातो, इतकेच. पूरक द्रव्य वाढत नाही. जेथे ते पोचले नाही तेथे ते नाही.

आता यंत्राकडे वळू. सर्वांत सोपा उपाय म्हणजे ठराविक गतीने द्रव्य सोडणारा छोटा पंप. प्रवाह नेहमी एकाच वेगाने वाहत असता तर तेवढ्याने भागले असते, पण तसा तो कधीच वाहत नाही. टँकर भरण्यास आरंभ करताना, स्थिर विद्युतभाराच्या भयाने, नळीचे तोंड इंधनात बुडेपर्यंत वेग सेकंदाला सुमारे एक मीटर इतकाच ठेवतात. नळीचा व्यास १०० मिलिमीटर धरला तर हा प्रवाह मिनिटाला साधारण ४७० लिटर होतो. नंतर तो २,००० लिटरपर्यंत वाढवितात आणि शेवटी पुन्हा कमी करतात. मिनिटाला एक लिटर द्रव्य देणारा पंप या नळीला जोडला तर पूर्ण वेगाच्या वेळी दहा लाखांत ५०० भाग हे अपेक्षित प्रमाण मिळेल, परंतु मंद प्रवाहाच्या वेळी तेच दोन हजारांच्या वर जाईल. येथे पंपाने एकही थेंब चुकविलेला नाही. त्याने काळाशी इमान राखले आणि प्रवाहाकडे पाहिले नाही, हा त्याचा दोष. छंदःशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर त्याने मात्रा घड्याळाने मोजली.

म्हणून खऱ्या मात्रायंत्राची सूत्रे प्रवाहाच्या हाती असतात. याची एक जुनी आणि कल्पक पद्धत अशी की, वाहते इंधनच एक चक्र फिरविते आणि त्या चक्राच्या आसाला जोडलेला दट्ट्या पूरक द्रव्य ढकलतो. इंधन जलद वाहिले तर दट्ट्याही जलद चालतो. इंधन थांबले तर तोही थांबतो. प्रमाण ठरते ते दट्ट्याच्या फेऱ्याच्या लांबीवरून. या यंत्राला वीज लागत नाही, आणि जेथे ठिणगीचे भय असते तेथे हा गुण लहान नव्हे. विमानात इंधन भरणाऱ्या गाड्यांवर अशी यंत्रे सोयीची पडतात. त्याची उणीव दोन ठिकाणी दिसते. प्रवाह फार मंद असताना चक्राच्या कडेने काही इंधन न मोजताच निसटते. आणि द्रव्याची टाकी रिकामी झाली तरी दट्ट्या पूर्वीच्याच निष्ठेने चालत राहतो. काही गडबड झाल्याचे तो कोणास सांगत नाही.

गँट्रीवर अधिक प्रचारात असलेली पद्धत स्पंदांची आहे. इंधनाच्या मीटरमधून ठराविक आकारमान गेले की एक विद्युत्‌स्पंद निघतो. नियंत्रक हे स्पंद मोजतो आणि, उदाहरणार्थ, दर १०० लिटर इंधनामागे पूरक द्रव्याची झडप उघडतो. झडपेतून जाणारे द्रव्य दुसऱ्या छोट्या मीटरमधून जाते; त्याने ५० मिलिलिटर मोजले की झडप बंद होते. २०,००० लिटरच्या भरणीत ही क्रिया दोनशे वेळा घडते, आणि पूर्ण वेगाच्या वेळी दर तीन सेकंदांनी एकदा. येथे नियंत्रकाला दोन साक्षी आहेत. किती इंधन गेले आणि किती द्रव्य गेले, या दोन्ही गोष्टी त्याला वेगवेगळ्या कळतात. पहिल्या यंत्रापेक्षा हे श्रेष्ठ, ते या दुसऱ्या साक्षीमुळे. द्रव्य आले नाही तर नियंत्रक टँकरची भरणी बंद पाडू शकतो.

मात्रा फार लहान असेल तर मात्र ही युक्ती अडखळते. दहा लाखांत पाच भाग हे प्रमाण हवे असेल तर १०० लिटरमागे अर्धा मिलिलिटर मोजावा लागेल, आणि झडप उघडण्या-मिटण्यात जेवढा गळ होतो तोच कदाचित त्याहून मोठा असेल. अशा वेळी द्रव्य आधी एखाद्या योग्य द्रावकात किंवा त्याच इंधनात पातळ करून घेतात आणि मग ते पातळ मिश्रण मोठ्या, मोजता येण्याजोग्या मापाने सोडतात. वैद्यांनी याला फार पूर्वी नाव देऊन ठेवले आहे : अनुपान. गुंजभर औषध मधातून देण्यात चवीचा विचार असेल, पण त्याबरोबर ते पूर्णपणे पोटात जावे हाही हेतू असलाच पाहिजे.

यंत्रे फसतात ती बहुतेक क्षुल्लक कारणांनी. द्रव्याच्या नळीत हवेचा बुडबुडा शिरला तर दातेरी चक्रांचा मीटर तो बुडबुडाही द्रव्य म्हणूनच मोजतो. थंडीत द्रव्य घट्ट झाले तर झडप उघडी असूनही ठरलेल्या वेळात ते पुरेसे येत नाही. एकदिशा झडपेत कचरा अडकला तर दाबाखालील इंधन उलट द्रव्याच्या टाकीकडे जाते, आणि पुढच्या मात्रेत द्रव्याऐवजी निम्मे इंधनच असते. तापमानाने होणारे प्रसरण यामानाने गौण होय. डिझेलचे आकारमान दर अंश सेल्सिअसला हजारात सुमारे ०.८ भाग वाढते, म्हणजे वीस अंशांच्या फरकाने दीड टक्क्याहून थोडे अधिक. पैशाच्या हिशेबात हा फरक मोठा असेल, पण एका अडकलेल्या झडपेपुढे मात्रेच्या हिशेबात तो नगण्यच ठरतो. या सर्वांवरचा उपाय जुनाच आहे. द्रव्य ठराविक काळ एका रेघा आखलेल्या काचपात्रात सोडावयाचे, डोळ्यांनी पाहून मोजावयाचे, आणि मीटर काय सांगतो त्याच्याशी ते ताडून पाहावयाचे.

भरणीच्या शेवटी आणखी एक बारकावा आहे, आणि तो सामान्यतः दुर्लक्षिला जातो. झडपेपासून टँकरपर्यंतची नळी भरलेलीच राहते; तिच्यात पूरक द्रव्य मिसळलेले इंधन राहिले तर ते पुढच्या, कदाचित वेगळ्या नावाच्या, इंधनात जाईल. म्हणून शेवटच्या काही लिटरांत द्रव्य सोडत नाहीत, आणि ती तूट भरून निघावी म्हणून आधीच्या इंधनात मात्रा किंचित अधिक सोडतात. म्हणजे नळीतील कोणत्याही एका क्षणाचे प्रमाण पाहिले तर ते जाणूनबुजून ‘चूक’ ठेवलेले असते. कप्पा पूर्ण भरल्यावरच ते बरोबर येते. यावरून एक तत्त्वाचा प्रश्न निघतो : प्रमाण बरोबर आहे असे म्हणताना ते किती व्याप्तीत बरोबर असले पाहिजे? एका थेंबात, एका कप्प्यात, एका टँकरमध्ये, की महिन्याच्या एकूण विक्रीत?

हा प्रश्न केवळ तार्किक नाही. अमेरिकेत १९९५ पासून पेट्रोलमध्ये निर्मलकारक मिसळणे कायद्याने आवश्यक झाले. त्या कायद्याने ताळेबंदाची जी पद्धत घालून दिली, तिच्यात वापरलेले द्रव्य आणि विकलेले पेट्रोल यांचा मेळ जास्तीत जास्त एका महिन्याच्या अवधीत दाखवावयाचा असतो. इंजिनातील साका हळूहळू साचतो, एका भरणीत कमी आणि दुसऱ्या भरणीत अधिक गेले तरी गाडीच्या दृष्टीने ते भरून निघते. त्यामुळे निर्मलकारकाच्या बाबतीत ही सरासरी समर्थनीय आहे. परंतु तीच सरासरी सर्वत्र लागू करणे चुकीचे होईल. एका टँकरला दुप्पट वंगणद्रव्य मिळाले आणि दुसऱ्याला मुळीच मिळाले नाही, तर संध्याकाळचा ताळा तंतोतंत जुळेल. दुसऱ्या टँकरमधील डिझेल घेणाऱ्या ट्रकचा पंप मात्र त्या ताळ्याने वाचणार नाही. विद्युतभार घालविणाऱ्या द्रव्याच्या बाबतीत तर सरासरीला काहीच अर्थ उरत नाही, कारण ठिणगी एकाच टाकीत पडते. गँट्रीवरील नोंदवहीत पुष्कळदा दिवसाचा एकच आकडा असतो. तो आकडा खरा असूनही अपुरा असू शकतो, हे तो वाचणाऱ्याने ओळखले पाहिजे.

खूणद्रव्यांच्या बाबतीत या अपुरेपणाला न्यायालयीन महत्त्व येते. भारतात स्वस्त धान्य दुकानातून मिळणाऱ्या रॉकेलला निळा रंग देण्यात येतो, तो ते इतरत्र ओळखू यावे म्हणून. रंग काढून टाकता येतो असे दिसून आल्यावर २००६ मध्ये रॉकेलात रासायनिक खूणद्रव्य घालण्याचा प्रयोग झाला. तो फार काळ टिकला नाही. अशा प्रयोगात तपासनिसाचे अनुमान मूळ मात्रेवर अवलंबून असते. रॉकेलात ठरल्याच्या निम्मेच खूणद्रव्य पडले असेल, तर डिझेलमधील दहा टक्के भेसळ तपासणीत पाच टक्केच दिसेल. आणि मूळ मात्रा अनिश्चित असेल तर आरोपीचा वकील तेवढ्यावरच बोट ठेवील. इंधनातील भेसळ हे केवळ दंडाचे प्रकरण नाही, हे महाराष्ट्राला निराळे सांगावयास नको. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ भेसळीचा प्रकार पकडू पाहणारे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले.

येथवर यंत्रांचे दोष पाहिले. भाषेचा दोष याहून सूक्ष्म आहे, आणि तो सर्व यंत्रे नीट चालत असतानाही घडतो. या क्षेत्रातील प्रमाणे ‘पीपीएम’ या संक्षेपाने सांगण्याची प्रथा आहे. ‘दहा लाखांत इतके भाग’ असा त्याचा अर्थ. परंतु भाग कशाचे? वजनाचे की आकारमानाचे? हे पद वाक्यात नसते. व्याकरणात ज्याला अध्याहार म्हणतात त्याचे हे शुद्ध उदाहरण आहे : अर्थ पूर्ण होण्यास आवश्यक असलेले पद न उच्चारता ऐकणाऱ्याने ते संदर्भावरून घ्यावे, अशी अपेक्षा. बोलणारा आणि ऐकणारा एकाच व्यवसायातील असतील तर अध्याहार निर्वेध चालतो. पाण्याचे पृथक्करण करणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही, कारण एक लिटर पाणी जवळजवळ एक किलोग्रॅम भरते. लिटरमागे एक मिलिग्रॅम आणि दहा लाखांत एक भाग ही त्याच्या दृष्टीने एकाच गोष्टीची दोन नावे. वायूंचा अभ्यासक तितक्याच सहजपणे आकारमान हे पद गृहीत धरतो. ही सवय घेऊन कोणी इंधनाकडे आला की चूक होते. विमान-इंधनाची घनता लिटरला सुमारे ०.८ किलोग्रॅम धरली, तर लिटरमागे ३ मिलिग्रॅम म्हणजे वजनाने दहा लाखांत ३ भाग नव्हे, ३.७५ भाग. चौथा हिस्सा एवढी ही चूक, आणि ती करण्यास कोणतेही यंत्र बिघडावे लागत नाही.

मराठीत हा प्रश्न सुटलेला आहे असेही नाही. ‘प्रमाण’ हा आपला शब्द दोन राशींमधील गुणोत्तरही सांगतो आणि एकाच राशीचा साठाही सांगतो. ‘भाजीत मिठाचे प्रमाण अधिक झाले’ या वाक्यात गुणोत्तर अभिप्रेत आहे. ‘यंदा पावसाचे प्रमाण अधिक’ या वाक्यात नाही. त्याच शब्दाने आपण पुराव्याचा आणि प्रमाणभाषेचाही बोध करून घेतो. त्यामुळे ‘द्रव्य योग्य प्रमाणात घालावे’ ही सूचना मराठी माणसाला स्पष्ट वाटते आणि असते मात्र अस्पष्ट. ‘दर १,००० लिटर इंधनात इतके मिलिलिटर द्रव्य’ असे वाक्य लांब आहे, ओबडधोबड आहे. पण त्यात अध्याहृत काही नाही, आणि ते वाचणाऱ्याला आकडेमोड करावी लागत नाही.

या अध्याहाराची किंमत २६ फेब्रुवारी २०२० च्या रात्री लंडनजवळच्या गॅट्‌विक विमानतळावर दिसून आली. एका ए३२१ विमानाने उड्डाण केल्यावर अल्पावधीतच त्याच्या एका इंजिनात धडाके होऊ लागले आणि दुसऱ्यातही बिघाडाच्या सूचना येऊ लागल्या. वैमानिकाने आणीबाणी जाहीर करून विमान सुखरूप परत उतरविले. ब्रिटिश अपघात-अन्वेषण शाखेच्या चौकशीत कारण निघाले ते पूरक द्रव्याचे. विमानाच्या टाक्यांत इंधन आणि पाणी यांच्या सीमेवर बुरशी व जिवाणू वाढतात. ते मारण्यासाठी त्याआधीच्या देखभालीत सायप्रसमध्ये एक जंतुनाशक घालण्यात आले होते, आणि ते शिफारशीच्या सुमारे ३८ पट पडले होते. देखभालीच्या पुस्तिकेत मात्रा पीपीएममध्ये दिली होती. काम करणाऱ्या अभियंत्याला हा संक्षेप परिचित नव्हता. त्याने त्याचा अर्थ इंटरनेटवर शोधला, तेथेच एक गणकयंत्र गाठले आणि त्यावरून निघालेला आकडा वापरला. अनपेक्षित मोठे आकडे पाहून शंका यावी इतका अनुभव या द्रव्याचा त्याला नव्हता. पुस्तिकेतील माहिती मात्रेचा हिशेब खात्रीने करता येण्यास पुरेशी नव्हती, हेही चौकशीत नमूद झाले आहे. त्या रात्री फसले ते यंत्र नव्हे. जे पद पुस्तिकेने लिहिले नाही ते वाचकाने वेगळ्याच ठिकाणाहून आणले.

हेच द्रव्य प्रवाहाच्या गतीने सोडणाऱ्या यंत्रातून, पातळ करून, इंधन भरताना घातले असते तर? मात्रेचा आकडा चुकीचाच बसविला असता तर यंत्राने तीच चूक शिस्तीने केली असती. पण असे यंत्र ज्या मर्यादेत चालावे म्हणून बनविलेले असते ती मर्यादा अडतीसपट मात्रेला सहसा परवानगी देत नाही. कशाचे तरी तोंड लहान असणे, हाही एक संरक्षणाचा प्रकार आहे. ओतणाऱ्या हाताला तो नसतो.

त्या घटनेनंतर २०२० मध्येच उत्पादकाने ते जंतुनाशक विमान-इंधनासाठी विकणे थांबविले. त्याची शिफारस आकारमानाने दहा लाखांत १०० भाग अशी होती. प्रचारात असलेल्या दुसऱ्या जंतुनाशकाची, बायोबोर जेएफची, मात्रा दहा लाखांत २७० भाग अशी सांगतात, आणि ती वजनाने आहे. या द्रव्याची घनता इंधनापेक्षा बरीच अधिक असल्यामुळे आकारमानाने पाहिल्यास हीच मात्रा दहा लाखांत सुमारे २०० भाग, म्हणजे ५,००० लिटर इंधनाला एक लिटर, इतकी येते. दोन पिंपे शेजारीशेजारी ठेवली, दोहोंवर ‘पीपीएम’ ही एकच तीन अक्षरे असली, तरी एका पिंपावरील ती तीन अक्षरे लिटरांची भाषा बोलत असतात आणि दुसऱ्यावरील किलोग्रॅमची.